मंत्रिमहोदय, नवऱ्याची सही कायद्यात कुठे आहे?

माननीय आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सादर नमस्कार.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात येता, तेव्हा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर मोर्चे अडवले जातात. गर्भपात नाकारलेल्या बायांचा मोर्चा तिथे कधी येत नाही, येणारही नाही. घरी कळू नये म्हणून जी तोंड लपवून दवाखान्याची पायरी चढते, ती फलक घेऊन रस्त्यावर कशी बसेल? म्हणून मी लिहिते आहे.

वस्तीतल्या एका बाईबरोबर मी एका खासगी दवाखान्यात गेले होते. दोन लेकरं पदरात, नवरा दारुडा, पुन्हा दिवस गेलेले. जेमतेम दहावा आठवडा. काउंटरवरच उत्तर मिळालं, "नवऱ्याची सही आणा, मग बघू." बाहेर येऊन ती म्हणाली, "ताई, त्याले सांगतलं तर तो मले मारून टाकंल." तिची सोय पुढे दुसरीकडे झाली, पण प्रत्येकीसोबत कोणी जात नाही.

1971चा वैद्यकीय गर्भपात कायदा सज्ञान, मानसिकदृष्ट्या सक्षम स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी मानतो. नवरा, सासू, बाप यांच्या सहीला त्यात जागा नाही. 2021च्या दुरुस्तीने गर्भनिरोधक निकामी ठरल्याचं कारण अविवाहितेलाही खुलं केलं. 29 सप्टेंबर 2022च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना बजावलं की घरच्यांच्या संमतीसारख्या कायद्याबाहेरच्या अटी घालू नका. मग ही सही मागितली जाते ती कशाच्या जोरावर?

भीतीच्या जोरावर, असं माझं मत आहे. म्हैसाळ आणि आमच्या शेजारच्या आर्वीत बेकायदा गर्भपात उघडकीस आले, तेव्हापासून प्रत्येक गर्भपाताकडे संशयाने पाहिलं जातं. गर्भलिंगनिदान करणाऱ्यांना कठोर शिक्षा व्हावी, यात आम्ही तसूभरही मागे नाही. परंतु गर्भपाताच्या गोळ्या कायद्याने नऊ आठवड्यांपर्यंतच देता येतात, आणि तेवढ्या दिवसांत सोनोग्राफीवर मुलगा की मुलगी हे कळतच नाही. तरी चिठ्ठी असूनही कित्येक औषध दुकानदार "आम्ही ठेवत नाही" म्हणतात. मग बाई भोंदूकडे जाते, नाहीतर उशीर होतो आणि जे गोळ्यांनी झालं असतं त्यासाठी भूल देऊन शस्त्रक्रिया करावी लागते.

अमेरिकेत 2022मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला, तेव्हापासून तिथल्या प्रत्येक उमेदवाराला यावर बोलावं लागतं. आपल्याकडे कोणी विचारत नाही म्हणून कोणी बोलत नाही. मुलगी वाचवण्यावर भाषणं होतात, व्हायलाच हवीत. सुरक्षित गर्भपात कायदेशीर आहे, हे वाक्य मात्र कुठल्याच पक्षाच्या मंचावरून मी ऐकलेलं नाही. आपल्यासारख्यांच्या या मौनाचा अर्थ खालचा अधिकारी आणि डॉक्टर आपापल्या परीने लावतात.

आपली भूमिका काय आहे, हे सभागृहात उभं राहून सांगा. डागा, मेयो, मेडिकल या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या आणि प्रत्येक मान्यताप्राप्त खासगी केंद्राच्या दर्शनी भागात मराठी आणि हिंदीत पाटी लावायला सांगा: सज्ञान स्त्रीची स्वतःची सही पुरेशी आहे. अन्न व औषध प्रशासनाशी बोलून औषध दुकानदारांना लेखी कळवा, की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर या गोळ्या विकणं गुन्हा नाही.

येत्या अधिवेशनाच्या आत या पत्राचं लेखी उत्तर मिळावं, ही विनंती.

आपली,
नागपूरच्या वस्त्यांत काम करणारी एक कार्यकर्ती