जॅझचे राजदूत सरकारी भाट नव्हते

संपादक महोदय,

जागतिक जॅझ दिनानिमित्तचा (३० एप्रिल) आपला लेख वाचला. शीतयुद्धात अमेरिकेने जॅझ वादकांना ‘राजदूत’ म्हणून जगभर फिरवले, हे त्यात आले आहे. मात्र या राजदूतांनी आपल्याच सरकारला किती वेळा तोंडघशी पाडले, ते लेखात राहून गेले. माझ्या मते या दौऱ्यांचे खरे बळ तेच होते.

अमेरिकेतल्या वर्णभेदावर सोव्हिएत प्रचारयंत्रणा रोज बोट ठेवत होती. त्याला उत्तर म्हणून १९५६ मध्ये परराष्ट्र खात्याने ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी यांचा काळ्या-गोऱ्या वादकांचा ताफा दौऱ्यावर धाडला. परदेशात काय बोलायचे याची शिकवणी घ्यायला गिलेस्पींनी साफ नकार दिला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, लिटल रॉकमध्ये नऊ काळ्या विद्यार्थ्यांना शाळेत शिरू न देण्यासाठी राज्यपालाने सैनिक उभे केले. तेव्हा विख्यात ट्रम्पेटवादक व गायक लुई आर्मस्ट्राँग यांनी ठरत आलेल्या सोव्हिएत दौऱ्यावर पाणी सोडले आणि राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना जाहीरपणे सुनावले. तेच आर्मस्ट्राँग १९६० मध्ये सरकारतर्फे आफ्रिकेत गेले, तर काँगोच्या राजधानीत, लिओपोल्डव्हिलमध्ये (आजचे किन्शासा) लोकांनी त्यांना खुर्चीत बसवून मिरवले. सांगकाम्याची अशी मिरवणूक कोण काढतो?

दुसरी गोष्ट देवघेवीची. १९५८ च्या अशाच सरकारी दौऱ्यात जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेक यांनी इस्तंबूलच्या रस्त्यावर नऊ मात्रांची चाल ऐकली. दोन-दोन-दोन-तीन अशी तिची विभागणी त्यांच्या कानात बसली आणि ‘ब्लू रॉन्डो अ ला टर्क’ ही त्यांची गाजलेली रचना जन्मली. याच दौऱ्यात मुंबईत ते सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांसोबत वाजवायला बसले. त्या बैठकीने आपले वादन बदलले, असे ब्रुबेक पुढे सांगत. शिकवायला आलेला पाहुणा शिकून गेला, म्हणायचे!

मुंबईला अर्थात जॅझसाठी कुठल्या परराष्ट्र खात्याची वाट पाहावी लागली नव्हती. १९३५ मध्येच अमेरिकन व्हायोलिनवादक लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा बँड ताजमध्ये वाजत होता. गोव्याचे वादक ही विद्या शिकले आणि ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांच्यासारख्यांनी ती सी. रामचंद्र यांच्या चित्रपटसंगीतात आणली. ‘अलबेला’च्या गाण्यांवर ठेका धरणाऱ्या आपल्या आजोबांना तो जॅझ आहे हे ठाऊकही नसेल!

आपली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदही कलाकारांना परदेशी पाठवते आणि तिकडची पथके इकडे आणते. त्या दौऱ्यांत कार्यक्रम एखादा कमी ठेवावा, पण स्थानिक वादकांसोबत बसायला दोन-तीन मोकळे दिवस द्यावेत. निदान एक मैफल तरी दूतावासाच्या निमंत्रितांऐवजी सर्वांसाठी खुली असावी. आणि कलाकाराने मंचावर काय बोलावे, हे त्याच्यावरच सोडावे.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई