आमदारांचं पत्रक आलं, त्यातलं दुकानाच्या काचेवर काय लावू?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी पेपरच्या आत घडी घालून आमच्या आमदारांचं पत्रक आलं. आठ पानी, गुळगुळीत कागद, वर मोठ्या अक्षरात नवे कायदे, नव्या योजना असं लिहिलेलं. मी ते दोनदा वाचलं, एकदा चहा घेताना आणि दुसऱ्यांदा पेन घेऊन, कारण असं काही वाटलं गेलं की सोमवारी दुकान उघडल्या उघडल्या आठ-दहा जण तेच हातात धरून उभे असतात, ताई हे आपल्याला लागू आहे का बघा ना. नाशिकला सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बसस्टँडजवळ, माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान आहे, चौदा वर्षं झाली. सिडकोतले येतात, पंचवटीतले, नाशिकरोडचे, गिरणाऱ्याचे, सकाळच्या एसटीने पेठवरून आलेले पण येतात, त्यामुळे शहरातल्या चारही मतदारसंघातलं आणि बाहेरचं पण काय काय अडतं ते माझ्या काउंटरवर दिसतं. आमदारांचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, तक्रार माणसाबद्दल नाहीये आणि खरं सांगायचं तर पत्रक काढलं हेच मला चांगलं वाटलं.

चांगलं का वाटलं ते आधी सांगते. मार्च २०२२ पासून पुढे कित्येक वर्षं नाशिक महापालिकेत प्रशासक होते, नगरसेवकच नाहीत, मग गटार तुंबलं तरी आमदार, पाणी कमी दाबाने आलं तरी आमदार, बिबट्या दिसला तरी आमदार. माणसं दुसरीकडे जाणार तरी कुठे. पण त्यात झालं असं की आमदार विधानसभेत कायदे करायला जातात ही गोष्टच आपण सगळे विसरून गेलो. वर्षातून तीन अधिवेशनं होतात, दोन मुंबईत आणि हिवाळी नागपूरला, तिथे काय पास झालं हे नाशिकला परत येऊन कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. या पत्रकात निदान ते सांगायचा प्रयत्न आहे. म्हणूनच ते नीट व्हावं असं मनापासून वाटतं.

माझी पहिली अडचण अशी की सगळं एकत्र कालवलंय. लाडकी बहीण कायद्यांच्या यादीत आहे, पण तो कायदा नाही, २८ जून २०२४ चा शासन निर्णय आहे, आपण जीआर म्हणतो तो. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आधी आईचं नाव लावायचं हा पण राज्य सरकारचा निर्णय. भारतीय न्याय संहिता हा कायदा आहे पण तो दिल्लीत संसदेत झाला, डिसेंबर २०२३ मध्ये, आणि लागू झाला १ जुलै २०२४ पासून, विधानसभेचा त्याच्याशी संबंध नाही. कोणी म्हणेल सामान्य माणसाला काय फरक पडतो, त्याला फायदा मिळाला म्हणजे झालं. फरक पडतो हो. जीआर उद्या दुसऱ्या जीआरने बदलतो, अटी बदलतात, आणि बदलल्या की पहिला फटका ज्याला कळलेलं नसतं त्यालाच. सप्टेंबर २०२५ ला लाडक्या बहिणीची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर आणि त्यावरचा ओटीपी मागत होते, माझ्या दुकानात एक बाई, अंबडला कंपनीत पॅकिंगला जाते, दोन तास बसून राहिली, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, वडील त्याच्याही आधी गेले. ओटीपी आणायचा कुठून? नंतर अशांसाठी मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्यायची सोय झाली, पण ते तिला कळवणार कोण, मला स्वतःला मोबाईलवर बातमी बघून कळलं आणि मग मी तिला शोधत फिरले. पत्रकात या योजनेवर अख्खं पान आहे, १५०० रुपये मोठ्या अक्षरात छापलेत, पण नवरा नसेल तर काय करायचं यावर एक ओळ नाही.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली ती सांगते. ऑक्टोबर २०२४ मध्ये १०० आणि २०० रुपयांच्या स्टॅम्पची जागा ५०० ने घेतली, तेव्हापासून दाखल्याच्या प्रतिज्ञापत्रालाही ५०० चाच स्टॅम्प लागतो असं सगळीकडे पसरलं. मी पण तेच सांगायचे. उत्पन्नाचा दाखला, ५०० चा आणा. नॉन क्रिमिलेअर, ५०० चा आणा. मार्च २०२५ ला महसूलमंत्र्यांनी जाहीर केलं की जात पडताळणी, उत्पन्न, रहिवासी, नॉन क्रिमिलेअर, राष्ट्रीयत्व, शिवाय सरकारी ऑफिसात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला हे मुद्रांक शुल्क माफ, साध्या कागदावर स्वतः सही करून दिलं तरी चालेल. आणि त्याहून मोठं म्हणजे अशी माफी १ जुलै २००४ च्या आदेशाने आधीपासूनच होती! वीस वर्षं! मी चौदा वर्षं या धंद्यात आणि मला माहीत नव्हतं. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण त्याच्या आधी महिनाभर दिंडोरी रोडची एक आजी आली होती, नातीच्या कॉलेजसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता, पदराच्या गाठीतून शंभराच्या पाच नोटा काढल्या आणि मीच तिला स्टॅम्पसाठी पाठवलं. भाजी विकते ती, ते ५०० म्हणजे तिची दोन दिवसांची कमाई असेल. पुढे ती परत दिसली तेव्हा मी माफी मागितली, तर ती मलाच म्हणते जाऊ दे बाई तुला तरी कोण सांगणार.

तर हे पत्रकात पाहिजे होतं. आमच्या आमदारांनी स्वतः काही केलं नसेल त्यात, तरी चालेल, पण त्यांनी सांगितलं असतं तर लोकांनी विश्वास ठेवला असता. मी सांगते तेव्हा लोक म्हणतात साहेबांनी टेबलावर स्टॅम्प मागितलाच तर? त्यांचंही बरोबर आहे, मागतात कधी कधी अजूनही. अशा वेळी हातात आमदारांच्या सहीचा कागद असला तर समोरचा पण दहा वेळा विचार करेल.

तसंच लोकसेवा हक्क कायद्याचं. हा मात्र खरोखर आपल्या विधिमंडळाने केलेला कायदा, २०१५ चा. कुठली सेवा किती दिवसांत द्यायची, कोण अधिकारी देणार, नाही दिली तर अपील कोणाकडे, हे सगळं ऑफिसात बोर्डावर लावणं बंधनकारक आहे, आणि विनाकारण उशीर केला तर त्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. पहिलं अपील ३० दिवसांच्या आत करायचं, त्याच ऑफिसातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे, मग दुसरं, आणि शेवटी आयोग. माझ्याकडे येणाऱ्या शंभरातल्या पाच जणांनाही हे माहीत नसेल, लोक फक्त चकरा मारतात, सर्व्हर डाऊन आहे उद्या या, उद्या साहेब मीटिंगला आहेत, परवा या. पेठवरून येणाऱ्या माणसाची एका चकरेला अख्खी मजुरी बुडते.

पोलिसांच्या बाबतीत पण तेच. पत्रकात लिहिलंय ब्रिटिशकालीन कायदे गेले, न्याय संहिता आली, ४२० च्या जागी आता ३१८. ठीक आहे, पण आमच्या शेजारच्या काकांची बॅग मुंबईहून येताना ट्रेनमध्ये गेली, ते नाशिकरोडला उतरून जिथे तक्रार द्यायला गेले तिथून त्यांना सांगितलं की ही आमची हद्द नाही, जिथे चोरी झाली तिथे जा. काका बासष्ट वर्षांचे, गुडघे दुखतात, आले बिचारे घरी तसेच. नव्या कायद्याप्रमाणे, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३, गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात नोंदवून घ्यायलाच पाहिजे, त्याला झिरो एफआयआर म्हणतात, कॉपी फुकट मिळते, आणि ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करायची. शिवाय तपास कुठपर्यंत आला हे ९० दिवसांत तक्रारदाराला कळवायचं आहे. ४२० चं ३१८ झालं हे वकिलांना उपयोगाचं, काकांना कलम १७३ माहीत हवं होतं.

आणि कुंभमेळा. पावसाळी अधिवेशनात २०२५ ला नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरणाचा कायदा झाला, याच्याइतका आपल्या दाराशी आलेला दुसरा कायदा नाही, आणि पत्रकात त्याला दीड ओळ! विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली हे प्राधिकरण, म्हणजे रस्ता खोदलाय, माझ्या ओट्यावर रेघ मारून गेलेत, तपोवनातली झाडं कापायच्या नोटिसा लागल्यात, तर आता हरकत महापालिकेत घ्यायची की प्राधिकरणाकडे? हे रोज कोणीतरी विचारतं. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृत स्नान या तारखा आता शाळेतल्या पोराला पण पाठ आहेत. हरकत कुठे घ्यायची ते मात्र कोणालाच पाठ नाही. आमदार त्या सभागृहात बसलेले होते, विधेयक त्यांच्या टेबलावर मराठीत छापून आलेलं असणार, त्यांनी एक पान यावर दिलं असतं तर मी ते पान मोठं करून झेरॉक्स काढून फुकट वाटलं असतं.

मागच्या पानावर मदतीसाठी संपर्क म्हणून संपर्क कार्यालयाचा आणि दोन स्वीय सहायकांचे नंबर आहेत. ते असू देत. पण त्याखाली भरपूर जागा रिकामी आहे, फुलांची नक्षी काढलीये, तिथे ऑनलाइन पैसे गेले तर १९३०, बाईला त्रास असेल तर १८१, मुलांसाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७, फुकट वकील हवा असेल तर १५१०० एवढं तरी बसलं असतं. फुकट वकील मिळतो हे ऐकून लोक माझ्याकडे असे बघतात की मी काहीतरी खोटं सांगतेय. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कोर्टाच्या आवारातच आहे, माझ्या दुकानापासून चालत पाच मिनिटं, आणि बाईमाणूस असेल, अनुसूचित जाती-जमातीचं कोणी असेल, दिव्यांग असेल, तर उत्पन्न सुद्धा बघत नाहीत. वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून खावटीची केसच न करता वर्षानुवर्षं माहेरी बसलेल्या बायका मला माहीत आहेत.

म्हाताऱ्या माणसांचं थोडं जास्त लिहिते, कारण ते सगळ्यात गप्प असतात. घर मुलाच्या नावावर करून दिलं आणि आता जेवायला विचारत नाहीत, असे आईबाप माझ्याकडे झेरॉक्स काढायला येतात, बक्षीसपत्राची कॉपी काढतात आणि बाकावर बसून राहतात. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठीच्या २००७ च्या कायद्यात प्रांत ऑफिसला अर्ज करता येतो, वकिलाची गरज नाही, महिन्याला १०,००० पर्यंत निर्वाह भत्ता मिळू शकतो, आणि सांभाळायच्या अटीवर घर दिलं असेल आणि सांभाळत नसतील तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं, कलम २३. ती अट कागदात लिहिलेली असली तर काम सोपं होतं म्हणून बक्षीसपत्र करतानाच लिहून घ्या असं मी आता प्रत्येकाला सांगते, चार लोक रागावतात, रागावू देत. सत्तरच्या पुढच्यांना उत्पन्न कितीही असो वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचाराचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ऑक्टोबर २०२४ पासून, हे पत्रकात आहे, चांगलं केलं, फक्त आधारवर जन्मतारीख चुकली असेल तर ती आधी दुरुस्त करा एवढं जोडायला हवं होतं. आमच्याकडे अर्ध्या म्हाताऱ्यांची जन्मतारीख १ जानेवारी आहे.

माझी आमदारांना तुमच्या पेपरमधून एवढीच विनंती आहे, चारही आमदारांना म्हणा, की प्रत्येक अधिवेशन संपल्यावर आठ पानांऐवजी एकच पान काढा. साधा कागद चालेल, फोटो एकही नको. काय बदललं, कधीपासून, कायदा आहे की जीआर, नंबर आणि तारीख, कुठले कागद लागतात, कुठल्या ऑफिसात जायचं, नाही दिलं तर कोणाकडे. अक्षर मोठं ठेवा, आजीला वाचता येईल एवढं. आमदार निधीतले पैसे सुद्धा लागणार नाहीत. पत्रक छापायच्या आधी आमच्यासारख्या दोन-चार दुकानदारांना, एखाद्या अंगणवाडी ताईंना आणि तलाठ्यांना वाचायला दिलंत तर काय सुटलंय ते तिथेच कळेल, मी संध्याकाळी सातनंतर कधीही यायला तयार आहे. माझ्या दुकानाच्या काचेवर डाव्या बाजूची जागा मी मोकळी करून ठेवलीये.

आपली,
एक वाचक, नाशिक