निगेटिव्ह फिरवून पाहायला सांगणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तुम्ही मला आभार मानूच दिले नाहीत. 'आधी स्कॅन नीट येऊ दे, मग बोलू,' म्हणालात. काल रात्री तो नीट आला. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आभाळ एकसारखं. म्हणून आज हे पत्र लिहायला बसले. ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण मोठी फिल्म स्कॅन करताना कडांच्या पट्ट्यांनी हैराण झालेली मी एकटीच नसणार.

आपलं बोलणं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. चार बाय पाच इंची शीट फिल्मवर, म्हणजे सुट्या पानासारख्या फिल्मवर, मी एका जुन्या झाडाचे आठ फोटो काढले होते, सगळे उभे, वर भरपूर मोकळं आभाळ ठेवून. ते झाड आता नाही. त्यामुळे पुन्हा जाऊन काढू, हा मार्ग बंद होता. सपाट काचेच्या फ्लॅटबेड स्कॅनरवर निगेटिव्ह (उजळ ते काळं आणि काळं ते उजळ दिसणारी फिल्म) ठेवायची, संगणकात तिची पॉझिटिव्ह, म्हणजे सरळ छटांचं चित्र, करायची, आणि दर वेळी तेच: डावीकडे आभाळात बोटभर रुंदीचा फिकट पट्टा, उजवीकडे तेवढाच काळपट. खाली खोडात, जमिनीत काहीच दिसायचं नाही. दोन महिने मी प्रत्येक फोटो हाताने सारखा करत बसले होते आणि स्कॅनरचा दिवा गेलाय असं मनाशी धरून चालले होते. नवीन स्कॅनर घ्यायच्या बेतात असताना एका परिचितांनी तुमचा नंबर दिला.

तुम्ही स्कॅनरबद्दल काही विचारलंच नाहीत. तुमचा पहिला प्रश्न होता, 'खाच कुठल्या बाजूला आहे?' शीट फिल्मच्या कोपऱ्याजवळ खाचा असतात. अंधारात बोटाने चाचपून इमल्शनची, म्हणजे उजेड टिपणाऱ्या थराची, बाजू ओळखता यावी म्हणून त्या असतात, एवढंच मला ठाऊक होतं. त्या कधी पुरावा म्हणून कामी येतील असं वाटलं नव्हतं. मी आठही निगेटिव्ह काढून पाहिल्या. फिकट पट्टा आठहींमध्ये खाचेकडच्या लांब कडेलाच होता. फोनवर तुम्ही नुसतं 'हं' म्हणालात आणि पुढचं काम दिलंत: इमल्शनची बाजू तीच ठेवून निगेटिव्ह काचेवर अर्धा फेरा फिरवायची आणि पुन्हा स्कॅन करायची. दोष फिल्ममध्ये असेल तर तो फिल्मबरोबर फिरेल, स्कॅनरमध्ये असेल तर काचेवर आहे तिथेच राहील.

त्याआधी तुम्ही ऑटो एक्स्पोजर (सॉफ्टवेअरने आपोआप उजेड ठरवणं) बंद करायला लावलंत, ते बरं झालं. माझी निवडचौकट फिल्मच्या बाहेरची उघडी काचही पकडत होती, आणि सॉफ्टवेअर त्या झगझगीत पट्टीवरून उजेडाचा हिशोब करून प्रत्येक स्कॅन वेगळा देत होतं. असे दोन स्कॅन शेजारी ठेवून काही कळणं शक्यच नव्हतं. तुमच्या सांगण्याप्रमाणे चौकट चित्राच्या आत घेतली, १६ बिटमध्ये, सगळ्या सुधारणा बंद ठेवून, निगेटिव्ह जशी आहे तशी स्कॅन केली आणि पॉझिटिव्ह करायचं काम नंतर स्वतः केलं.

मग निगेटिव्ह फिरवून केलेला स्कॅन आला आणि तो जवळजवळ निर्दोष होता. दोन्ही कडा बऱ्यापैकी सारख्या. मी आनंदाने तुम्हाला फोन केला, की प्रश्न सुटला, आता यापुढे निगेटिव्ह अशीच ठेवीन. तुम्ही क्षणभर गप्प राहिलात. मग म्हणालात, 'अगं, सुटला नाही, झाकला गेला. दोष दोन आहेत, आणि आता ते एकावर एक आलेत.'

ताई, ते वाक्य मी कधी विसरणार नाही. खाचेकडचा फिकटपणा फिल्मबरोबर फिरून उजवीकडे गेला होता. उजवीकडचा काळपटपणा काचेवरच होता, तो जागचा हलला नव्हता. दोघांनी एकमेकांना खोडलं. तुम्ही नसता तर मी त्या खोट्या बरोबर आलेल्या स्कॅनवर समाधान मानलं असतं, आणि पुढच्या एखाद्या निगेटिव्हवर तेच पट्टे पुन्हा उगवल्यावर डोकं धरून बसले असते.

काळपट पट्ट्याचं कारण तुम्ही मला पायरी-पायरीने माझ्याकडूनच काढून घेतलंत. पॉझिटिव्हमध्ये काळं, म्हणजे निगेटिव्हच्या त्या भागातून स्कॅनरला हवा त्यापेक्षा जास्त उजेड मिळतोय. हा जादा उजेड येतो कुठून? माझी फिल्म डावीकडे होल्डरच्या काळ्या दांड्याला टेकलेली होती आणि उजवीकडे तळहाताएवढी काच उघडी होती. झाकणातला दिवा त्या उघड्या काचेतून सरळ खाली येत होता, आत इकडेतिकडे परावर्तित होत होता आणि फिल्मच्या कडेवर सांडत होता. आभाळ निगेटिव्हमध्ये दाट, म्हणजे गडद, असतं, तिथून मुळातच थोडा उजेड येतो, म्हणून त्यात मिसळलेला थोडासा परका उजेडही लगेच दिसतो. खोडाचा भाग निगेटिव्हमध्ये जवळजवळ पारदर्शक, तिथे तो कळतही नाही.

उपाय म्हणजे काळा मॅट कार्डशीट. फिल्मच्या कडेवर दोन-तीन मिलिमीटर येईल अशी चौकट कापायची आणि बाकीची काच झाकून टाकायची. माझ्या पहिल्या चौकटीने स्कॅनवर लांबच लांब रेघा आल्या, तेव्हा तुम्ही लगेच ओळखलंत की मी टोकाची ती अरुंद मोकळी पट्टीही झाकली होती. प्रत्येक स्कॅनच्या आधी यंत्र तिथून नुसता उजेड मोजून स्वतःला जुळवून घेतं. तिथे कार्डाची कड किंवा साधा धुळीचा कण आला तरी त्याची रेघ चित्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उमटते. ती पट्टी मोकळी ठेवून दुसरी चौकट कापली आणि काळपट पट्टा गेला. पूर्ण गेला. दोन महिने ज्या स्कॅनरला मी दोष देत होते त्याचा दिवा अगदी ठणठणीत होता.

राहिला फिकट पट्टा, आणि आता तो निगेटिव्ह जशी फिरवू तसा खाचेच्या मागे मागे फिरत होता. पॉझिटिव्हमध्ये फिकट म्हणजे निगेटिव्हमध्ये जास्त दाट. ते स्कॅनरशिवाय पाहायची तुमची युक्ती मला फार आवडली. काळ्या कार्डाला पंचिंग मशीनने दोन भोकं पाडायची, एक कडेपाशी येईल असं, दुसरं तिथून इंचभर आत. खालून उजेड देणाऱ्या लाइट टेबलवर निगेटिव्ह ठेवून वर ते कार्ड. बाकी सगळं झाकलं गेलं की ते दोन गोल ठिपके शेजारी शेजारी दिसतात आणि डोळ्याला फरक लपवता येत नाही. कडेचा ठिपका स्पष्ट गडद होता. इतके दिवस त्याच टेबलवर त्याच निगेटिव्ह पाहत होते, पण भोवतालच्या उजेडाने डोळे दिपलेले असल्यामुळे तो फरक मला कधीच दिसला नव्हता.

मग तुम्ही विचारलंत, 'हँगर वर उचलल्यावर निथळवायला कुठे कलवतेस?' (हँगर म्हणजे शीट फिल्म धरून रसायनात बुडवायची भोकांची चौकट.) उजवीकडे. नेहमी उजवीकडेच. अंधारात फिल्म हँगरमध्ये भरतानाही खाच चाचपून मी ती नेहमी एकाच बाजूला ठेवते. त्यामुळे दर मिनिटाला डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, त्याच कडेवरून, हँगरच्या त्याच भोकांमधून जोराने वाहत होता, आणि तिथे ताजा डेव्हलपर जास्त पोहोचून ती कड जास्त पिकत होती. हलवण्यातला असा फरक दाट भागालाच जास्त लागतो, सावल्यांना फारसा नाही. म्हणून हाही दोष आभाळातच. दोन वेगळी कारणं, पण दिसायची जागा एकच. त्यात माझं डेव्हलपिंग साडेचार मिनिटांत उरकत होतं. इतक्या कमी वेळात एखाद्या कडेला झालेला पक्षपात भरून निघायला सवडच मिळत नाही.

तुम्ही मला दोन कोऱ्या फिल्म खर्च करायला लावल्यात, तेव्हा खरं सांगते, जिवावर आलं होतं. एकसारखा उजेड असलेली कोरी भिंत, मुद्दाम फोकसबाहेर ठेवून दोन शीटवर काढली. एक जुन्या सवयीने डेव्हलप केली. दुसरी आधी साध्या पाण्यात भिजवून, जास्त पातळ डेव्हलपरमध्ये नऊ मिनिटं, हँगर सावकाश उचलत, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे कलवत. दोन्ही वाळल्यावर कार्डाच्या भोकांखाली धरल्या. पहिलीत खाचेची कड गडद. दुसरीत दोन ठिपके इतके सारखे की कुठला कडेचा हे कार्ड उचलल्यावर कळलं. त्या क्षणी त्या दोन फिल्मचं मोल वसूल झालं.

झाडाच्या आठ निगेटिव्ह मात्र डेव्हलप होऊन गेलेल्या होत्या. भिंतीच्या पहिल्या शीटचा स्कॅन घेऊन त्यातून या आठही सुधाराव्यात असं मला वाटत होतं, पण तुम्ही थांबवलंत. भिंतीला एकच दाटपणा असतो, झाडाच्या फोटोत तो जागोजागी बदलतो. एकच दुरुस्ती सगळ्याला लावली तर आभाळ सुधारेल आणि कडेच्या फांद्या उगाच काळ्या पडतील. त्याऐवजी खाचेच्या कडेपासून आत विरत जाणारी दुरुस्ती फक्त उजळ छटांवर लावायची, प्रत्येक निगेटिव्हला वेगळी. काम चिकाटीचं आहे, पण आता कुठे हात घालायचा ते मला माहीत आहे. पूर्वी मी दोन्ही दोष एकाच दुरुस्तीत बसवायला जात होते आणि ते कधीच जमत नव्हतं.

ताई, तुम्ही यातली एकही गोष्ट मला तयार उत्तर म्हणून दिली नाहीत. तीन संध्याकाळी तुमचं काम बाजूला ठेवून तुम्ही फोनवर थांबलात, माझा स्कॅन संपेपर्यंतची ती लांबलचक मिनिटंसुद्धा. पलीकडून तुमच्या कात्रीचा आवाज येत होता, तेव्हा मला कळलं की मला सांगता सांगता तुम्हीही मोजमाप तपासायला एक चौकट कापत होतात. अनोळखी माणसासाठी इतकं कोण करतं! मनापासून, अगदी मनापासून आभार.

पाचव्या निगेटिव्हचा प्रिंट या पत्राबरोबर टपालाने पाठवतेय. त्यात डावीकडची सगळ्यात बारीक फांदी थेट कडेपर्यंत गेली आहे आणि तिच्यामागचं आभाळ शेवटपर्यंत सारखं आहे. पाकिटात भोकं पाडलेलं ते काळं कार्डही ठेवलंय, तुमच्या लाइट टेबलासाठी. माझ्यासाठी मी दुसरं करून घेतलं आहे.

तुमची,
चार बाय पाचवाली