आतल्या शेकाची तारीख चुकू नये म्हणून

पेडणे महालातील ग्रामस्थांना सप्रेम नमस्कार.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर पुढे सरकलेला असला, तर बाहेरून पाचेक आठवडे किरणांचा शेक देतात आणि नंतर आतून. या आतल्या शेकाला डॉक्टर ब्रॅकीथेरपी म्हणतात. तारेच्या टोकाला तांदळाच्या दाण्याहून लहान असा इरिडियम-१९२ या किरणोत्सारी धातूचा तुकडा असतो. यंत्र ती तार नळीतून थेट गाठीपाशी नेते आणि काही मिनिटांत परत ओढून घेते. पूर्वी एक्स-रे पाहून मात्रा ठरवत. आता जिथे सोय आहे तिथे नळ्या बसवून एमआरआय काढतात. गाठ केवढी उरली, मूत्राशय आणि गुदाशय किती जवळ आहेत, ते बघून मात्रा ठरते. या पद्धतीचा एम्ब्रेस नावाचा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात पाच वर्षांनंतर त्या जागेचा कॅन्सर आटोक्यात राहण्याचे प्रमाण ९२ टक्के होते.

पण सगळे उपचार साधारण आठ आठवड्यांत संपायला हवेत. लांबले की गुण कमी येतो. आणि आपल्याकडे ते लांबतात ते बसपायी! पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून पणजी, तिथून बांबोळीचे सरकारी इस्पितळ. कमरेत भूल दिलेल्या बाईने संध्याकाळी तसेच उभ्याने परत यायचे? कुणाला मुंबईला पाठवले, तर सोबतच्या माणसाचा रोजगार बुडतो आणि राहण्याचा खर्च वेगळाच. उपचारांना सरकारी योजनेचा आधार मिळतो, पण भाड्याची गाडी आणि खोली घरच्यांनाच बघावी लागते.

त्यासाठी मंडळ प्रवास-निधी उभारत आहे. जत्रेच्या नाटकाला आपण वर्गणी नाकारली नाही, मग इथे संकोच कसला? पैसे नसतील तर ज्यांची चारचाकी आठवडाभर अंगणात उभी असते, त्यांनी एक दिवस द्यावा. सोबतीला जाणाऱ्या बायकाही हव्या आहेत.

आणखी एक. या शेकानंतर बाईच्या अंगात किरण राहत नाहीत. तो इरिडियमचा तुकडा यंत्रात परत गेलेला असतो. तिच्या मांडीवर नातवंड बसू द्या. (थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन घेतलेल्यांचे पथ्य वेगळे, ते डॉक्टर सांगतात.)

देणगी मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी ५ ते ७ या वेळेत द्यावी, पावती मागून घ्यावी. रुग्णाचे नाव फलकावर लागणार नाही. देणगीदाराला नको असेल तर त्याचेही नाही.

आपले,
ग्रामस्थ मंडळ