साप्ताहिक क्विझ आणि सैल प्रश्न

संपादक महोदय,

पुण्यात कॉलेजांजवळच्या कॅफेंमध्ये दर आठवड्याला क्विझ भरवू पाहणाऱ्यांसाठी थोडं लिहीत आहोत. स्पर्धांतली ‘इन्फिनिट बाउन्स’ पद्धत इथे आणू नये. प्रश्न एका टेबलावरून दुसऱ्यावर जात राहतो. आठ संघांपर्यंत ठीक, पंधरा झाले की मागचे कंटाळून मोबाइल काढतात. लेखी फेऱ्या बऱ्या: दहा प्रश्नांच्या चार, संघात जास्तीत जास्त पाच जण, फेरी संपताच कागद शेजारच्या टेबलाकडे तपासायला.

भांडणं होतात ती सैल प्रश्नांवरून. ‘यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री कधी झाले?’ याला १९५६ (द्विभाषिक मुंबई राज्य) आणि १९६० (महाराष्ट्र) ही दोन्ही उत्तरं बरोबर, आणि दोन्ही संघ हटून बसतात. राज्याचं नाव प्रश्नातच हवं. चित्रफेरीत सुटं चित्र ठेवू नका, मोबाइल ते क्षणात ओळखतो; तीन चित्रांमधला दुवा विचारा.

बरोबरी झाल्यास आकड्याचा प्रश्न: कळसूबाईची उंची किती मीटर? १,६४६ च्या सर्वांत जवळ जाईल तो संघ जिंकला. परीक्षांच्या दिवसांत मात्र सरळ सुट्टी द्यावी, रिकाम्या खुर्च्यांपुढे प्रश्न वाया जातात.

– काही क्विझ संयोजक, पुणे