एकाच चिठ्ठीवरची दोन औषधं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पुरवणीत उन्हाळ्यातल्या त्वचेच्या काळजीवर पानभर मजकूर होता. काकडीचा रस, गुलाबपाणी, मुलतानी माती आणि सगळ्यात शेवटी सनस्क्रीन. मजकुरात चूक काही नव्हती. पण सनस्क्रीनला नेहमी याच रांगेत उभं करतात, आणि माझं भांडण त्या रांगेशी आहे.

मला २०११ मध्ये ल्युपसचं निदान झालं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार. त्याआधी वर्षभर गालांवर आणि नाकावर लालसर चट्टा यायचा, उन्हात गेलं की हमखास. घरच्यांनी पित्त ठरवून टाकलं आणि मी बादलीभर कोकम सरबत प्यायले. पुढे बोटांचे सांधे धरले, सकाळी पोळपाट धुवायला घेतलं की हातातून सुटायचं, तेव्हा कुठे रक्ताच्या तपासण्या झाल्या. या आजाराच्या दहा रुग्णांत साधारण नऊ बायका असतात. त्यामुळे 'दगदग होतेय, जरा विश्रांती घे' या सल्ल्यातच पहिलं वर्ष सरतं.

उन्हातल्या अतिनील किरणांनी कातडीच्या पेशी सगळ्यांच्याच मरतात. माझ्या शरीराला मात्र त्या मेलेल्या पेशींच्या आतला माल परका वाटतो आणि ते त्यावर तुटून पडतं. चट्टा गालावर दिसतो, पण भडका सांध्यांपर्यंत, कधी मूत्रपिंडापर्यंत पोचतो. २०१९ च्या मे महिन्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका लॉनवर भाच्याचं लग्न होतं, मुहूर्त १२ वाजून २७ मिनिटांचा. अक्षता टाकायला म्हणून मांडवाबाहेर वीस-पंचवीस मिनिटं उभी राहिले. त्यानंतरचे दोन महिने प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडवर काढले, चेहरा सुजून भोपळ्यासारखा झाला होता. लग्नाच्या अल्बममध्ये मी कुठेच नाही, ते एक बरं झालं.

माझ्या चिठ्ठीवर तेव्हापासून दोन ओळी कायम आहेत. पहिली हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी, दुसरी सनस्क्रीन, एसपीएफ (ऊन अडवण्याच्या ताकदीचा आकडा) ५०, दिवसातून तीनदा. आमच्या डॉक्टर म्हणाल्या होत्या, "ताई, गोळी विसरलात तर रागावेन. क्रीम विसरलात तर जास्त रागावेन."

आता बिलाकडे या. कोथरूडच्या आमच्या नेहमीच्या मेडिकलवाल्याने दिलेलं बिल समोर ठेवूनच लिहितेय. गोळीच्या ओळीत सीजीएसटी अडीच टक्के, एसजीएसटी अडीच टक्के. खालच्या ओळीत ट्यूब, तिथे नऊ आणि नऊ. चिठ्ठी एकच, आजार एकच, पण गोळी औषध आणि ट्यूब सौंदर्यप्रसाधन. आपल्या १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात सौंदर्यप्रसाधनाची व्याख्या आहे, ती मुद्दाम काढून वाचली (ग्रंथालयात काम करण्याचा एवढा तरी फायदा). स्वच्छता करणं, सौंदर्य खुलवणं, आकर्षकता वाढवणं किंवा रूप बदलणं यासाठी जे लावलं जातं ते प्रसाधन. माझ्या झिंक ऑक्साइडच्या क्रीमने यातलं 'रूप बदलणं' तेवढं होतं. ते लावून बाहेर पडले की शेजारच्या आजी विचारतात, "पीठ मळत होतीस का गं?"

त्यात आणखी एक गंमत. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. औषधं १२ वरून ५ टक्क्यांवर आली, चांगलंच झालं. चेहऱ्याला लावायची पावडरही १८ वरून ५ वर आली. सनस्क्रीन राहिलं १८ वरच. म्हणजे पावडर लावून मी आजारी पडले तर कर कमी, सनस्क्रीन लावून बरी राहिले तर जास्त.

माझी ५० ग्रॅमची ट्यूब ५९० रुपयांची आहे. त्यातले ९० रुपये कराचे. दर ५ टक्के झाला तर ती ५२५ ला पडेल. पासष्ट रुपयांसाठी कुणी संपादकांना पत्र लिहीत नाही, मीही लिहिलं नसतं. पण खरा हिशोब चमच्यात आहे. सनस्क्रीनच्या पाकिटावरचा आकडा खरा ठरायला दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम एवढा थर लागतो. बाह्या पूर्ण लांब घातल्या तरी चेहरा, मान, कान आणि दोन्ही हातांचे पंजे मिळून चहाचा एक चमचा भरून क्रीम हवं. दिवसातून तीनदा म्हणजे १५ ग्रॅम. ट्यूब चौथ्या दिवशी संपते. महिन्याला नऊ ट्यूबा, पाच हजार तीनशे रुपये. मी एक ट्यूब पंधरा दिवस पुरवते. याचा अर्थ डॉक्टरांनी सांगितलेल्या औषधाचा जेमतेम पाव हिस्सा मी घेते, आणि गोळीच्या बाबतीत असं कुणी केलं तर आपण त्याला वेडा म्हणू.

मी ज्या संस्थेत काम करते तिथे वर्षाला ठराविक रकमेपर्यंत औषधांची बिलं मिळतात. हेच बिल मी डॉक्टरांच्या चिठ्ठीसह लावलं होतं. परत आलं तेव्हा ट्यूबच्या ओळीवर लाल पेनाची रेघ होती, पट्टीने मारलेली, अगदी सरळ. विचारायला गेले तर तिथले गृहस्थ सौम्यपणे म्हणाले, "मॅडम, फेअरनेस क्रीमची बिलं चालत नाहीत." मी चिठ्ठीवर बोट ठेवलं. त्यांनी बिलावरच्या १८ टक्क्यांवर बोट ठेवलं. "औषध असतं तर हा दर लागला नसता." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तो माणूस वाईटही नव्हता. कागद जे सांगतो तेच तो वाचत होता.

म्हणून म्हणते, प्रश्न पासष्ट रुपयांचा नाही. एकदा ती वस्तू प्रसाधनाच्या खात्यात पडली की पुढची सगळी दारं आपोआप बंद होतात. मेडिक्लेम तर बहुतेकांचा दवाखान्यात भरती झाल्यावरच कामाला येतो. एका सरकारी दवाखान्याच्या रांगेत मला भाजी विकणारी एक बाई भेटली होती, आजार माझाच. गोळ्या तिला खिडकीवर फुकट मिळाल्या. क्रीमच्या ओळीपुढे 'बाहेरून' असं लिहिलं होतं. तिला म्हटलं, घेता का? तिने पदर कपाळावर ओढून दाखवला. "हाच आपला." दिवसभर उघड्या हातगाडीशी उभी राहणारी ती, आणि सुती पदरातून ऊन बऱ्यापैकी आत येतं.

पुण्यात राहते हे माझं एक नशीब. इथे डोळे सोडून सगळं स्कार्फमध्ये गुंडाळलेली, कोपरापर्यंत हातमोजे घातलेली बाई स्कूटीवरून गेली तर कुणी वळून बघत नाही. तुळशीबागेतून आणलेले माझे नऊ स्कार्फ आहेत. पण स्कार्फ घालून कुणी पुस्तकं देत-घेत नाही, आणि अतिनील किरणांतला यूव्हीए हा भाग खिडकीच्या काचेतून सरळ आत येतो. ढगाळ दिवशीही येतो.

हे जमवता येतं. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत जन्मजात विकारामुळे किंवा प्रकाशाने बळावणाऱ्या त्वचाविकारामुळे ज्यांना ऊन बाधतं, त्यांना ठराविक सनस्क्रीन चिठ्ठीवर लिहून देतात. अंगावर कोड (पांढरे डाग) असलेले आणि रेडिओथेरपीमुळे कातडी हळवी झालेलेही त्यात येतात. डॉक्टर चिठ्ठीवर 'एसीबीएस' अशी खूण करतात, म्हणजे हे मंजूर यादीतल्या कारणासाठी आहे हे कळतं. स्कॉटलंड, वेल्समध्ये ते फुकट मिळतं, इंग्लंडमध्ये चिठ्ठीचं नेहमीचं शुल्क पडतं. २०१८ मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने खर्च वाचवायला साधं सनस्क्रीन लिहून देऊ नका असं डॉक्टरांना सांगितलं, तेव्हाही या रुग्णांना त्या बंधनातून वगळलं. 'उद्या गोव्याला निघालेला प्रत्येक जण चिठ्ठी घेऊन येईल' असं जे म्हणतील, त्यांनी ही खूण लक्षात घ्यावी. अमेरिकेत तर कायद्याने सनस्क्रीन औषधातच मोडतं.

सगळ्या सनस्क्रीनवरचा कर उतरवा असं माझं म्हणणं नाही. ल्युपस असो, पॉर्फिरिया असो, जन्मतः रंगद्रव्य नसलेलं मूल असो, की झिरोडर्मा पिग्मेंटोसमसारखा दुर्मीळ आजार असो, त्वचारोगतज्ज्ञाने आजाराचं नाव घालून लिहिलेलं सनस्क्रीन बिलात, परताव्यात आणि सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर औषध धरावं, एवढंच. कराचा निर्णय जीएसटी परिषदेचा, पण खिडकीवर काय ठेवायचं हे राज्याच्या आरोग्य खात्याला ठरवता येईल. आणि बिलांची तपासणी करणाऱ्या संस्थांना तर कुणाचीच परवानगी लागत नाही, लाल पेन खाली ठेवलं की झालं.

मी बिल पुन्हा लावलं आहे. या वेळी डॉक्टरांचं पत्र जोडलंय, त्यात आजाराचं नाव ठळक अक्षरांत आहे. दरम्यान ग्रंथालयात मी खिडकीजवळचं टेबल सोडून मागच्या कपाटांमध्ये बसते, तिथे दिवसाही ट्यूबलाइट लावावी लागते. खिडकीजवळ आता आमचे शिपाईमामा बसतात. थंडीत ते पाय उन्हात पसरतात आणि मला हाक मारतात, "या की मॅडम, मस्त ऊन आहे."

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये, बिल अजून टेबलावर आहे.)