कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रीकाकांना, ओम्नीवाल्या ताईकडून

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

गाडी गोव्याला जाऊन सुखरूप परत आली. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, ठेवा आता" म्हणता, म्हणून इथे सगळ्यांसमक्ष लिहितेय.

१९९८ ची ओम्नी, ७९६ सीसी, कार्बोरेटरवाली. कंपनीनेही २०१९ मध्ये हे मॉडेल बंद केलं. बाबांच्या मागे ती दारात नुसती उभी होती आणि "भंगारात घालून टाका" म्हणणारे पैशाला पासरी भेटत होते. तुम्ही काही न बोलता मॅट उचललंत आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने फ्लोअर ठोकत गेलात. ड्रायव्हर सीटच्या मागे आवाज बद्द झाला. टोक दाबलंत तर ते आरपार गेलं आणि खाली गंजाचा भुगा सांडला. माझा चेहरा पडला. तुम्ही म्हणालात, "एवढंच हाय व्हय? मग हाय की गाडी!"

त्या भोकासाठी तुम्ही आधी पुठ्ठा कापलात, तो बसवून बघितलात आणि मग त्या मापाचा पत्रा कापलात. वेल्डिंगच्या आधी पेट्रोलची टाकी उतरवलीत. तेवढ्यासाठी कशाला, असं शेजारचा पोरगा म्हणाला, तेव्हा तुम्ही त्याच्याकडे जे बघितलंत, ते मी विसरणार नाही.

पण खरे आभार मानायचे आहेत ते तुमच्या नकारांचे. गाडीत झोपायची सोय करायची होती, त्यात मला छताला खिडकी हवी होती. "पत्र्याला कात्री लागणार न्हाई, ताई. पासिंगला आरटीओपुढं गाडी उभी करायची हाय." पंधरा वर्षांपुढच्या गाडीच्या नोंदणीचं दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, आणि कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालत नाही असं २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलंय, हे मी नंतर वाचलं. तुम्ही प्लायचा पलंग मागच्या सीटच्याच भोकांत नटबोल्टने बसवलात. पाने घेतले की पलंग बाहेर, सीट आत. खिडक्यांना डासांची जाळी लोहचुंबकाने चिकटते. गॅस आत ठेवायला तर साफ नाही म्हणालात, आणि झोपताना इंजिन चालू ठेवायचं नाही, काच बोटभर उघडी ठेवायची, हेही बजावलंत. ओम्नीचं इंजिन सीटखालीच, म्हणून त्या झाकणाचं रबरही नवं घातलंत. पंखा आणि दिवा वेगळ्या बॅटरीवर, प्लसच्या वायरला बॅटरीपाशीच फ्यूज.

रंगासाठी ठेवलेले पैसे तुम्ही ब्रेकमध्ये घालायला लावलेत. "नटवायची नंतर, आधी थांबती का बघू." ब्रेक शू, व्हील सिलिंडर, होज सगळं नवं. जुने भाग पिशवीत घालून माझ्या हातात दिलेत, काय बदललं ते कळावं म्हणून. अशी पिशवी मला आजवर कुठल्याच गॅरेजात मिळाली नव्हती.

करूळ घाट उतरताना त्या पैशाची किंमत कळली. चढायला जो गिअर लागेल तोच उतरायला, हे तुमचं वाक्य आमचे हे प्रत्येक वळणावर मला ऐकवत होते. (गाडी मी चालवत होते.) कुडाळजवळ क्लचची केबल तुटली. तुम्ही बळेबळे दिलेली जादा केबल टूलबॉक्समध्ये होती, त्यामुळे तिथल्या मिस्त्रींनी चहा गार व्हायच्या आत बसवून दिली. "गाडी कुणी बघितली?" असं त्यांनी विचारलं. मी अभिमानाने कोल्हापूर सांगितलं. परतीला आंबोली घाट चढताना इंजिनच्या तापमानाचा काटा निम्म्याच्या वर गेला नाही.

एकच तक्रार: मागून उजव्या पाट्यातून (स्प्रिंगच्या पट्ट्यांतून) कर्र आवाज येतोय, खड्ड्यात जास्त. सोमवारी सकाळी आणते. काकूंसाठी मालवणी मसाला आणि कोकमाच्या आगळाची बाटली आहे. बिलातून वजा करू नका.

तुमची,
ओम्नीवाली ताई